पाच बोटं, पाच तारा

भांडी घासायचा रबरी हातमोजा जागेवर नाही म्हटल्यावर सावेतानं तो घरात शोधलाच नाही. काठी घेतली आणि गुडघ्यांना सांभाळत ती सरळ गोठ्यामागच्या शेडकडे निघाली. शेडमध्ये जुनी, रोमानियन बनावटीची आरो जीप बॉनेट उघडून उभी होती. बॉनेटखालून तिच्या नवऱ्याची, इलारी मोगाची, फक्त पाठ दिसत होती.

"डावाच नेलास ना?"

"डावाच लागतो. उजव्याचा अंगठा भलतीकडे येतो."

"घरात सगळे उजवेच उरलेत, इलारी. बायकोला दोन उजवे हात आहेत असं लोक म्हणतील."

"म्हणू देत. कामाची बाई म्हणतील."

ती हसली नाही, पण गेलीही नाही. दाराला टेकून नवऱ्याचं काम बघत राहिली. हातमोज्याच्या पाचही बोटांची टोकं त्यानं कात्रीनं कापली आणि प्रत्येक बोटातून एकेक जाड काळी वायर ओवली. इंजिनाच्या कुशीला एक तपकिरी झाकणाचा डबा असतो. करंट तिथं येतो आणि तिथून चारही प्लगना वाटला जातो. झाकणातून चार वायरी प्लगकडे जातात आणि पाचवी कॉइलकडून येते. हाताला बोटं पाच आणि झाकणाला वायरीही पाच. तरुणपणी जंगलखात्याच्या ट्रकवर असताना एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं इलारीला ही युक्ती दाखवली होती. तेव्हापासून त्याला वाटायचं की हातमोजा करणाऱ्याच्या मनात भांडी नसणारच, नदीच असणार.

रेचा नदी मोगेश्ती वाडीच्या पायथ्याशी होती. वाडीत आता दोनच चुली पेटत होत्या, एक इलारीची आणि दुसरी शेजारच्या ग्लिगोरची. चर्च, दुकान, दवाखाना, सगळं पलीकडच्या काठावर. तिकडं जायला तारांवर टांगलेला एक झुलता पूल होता, पण सावेताच्या गुडघ्यांना तो मानवत नव्हता. मागच्या वर्षी अर्ध्यावर जाऊन ती दोन्ही तारा धरून उभी राहिली होती, आणि तिला परत आणायला ग्लिगोरला हातापायांवर रांगत जावं लागलं होतं. तेव्हापासून नदीचा उतार, म्हणजे गाडी पार नेता येते ती उथळ जागा, आणि इलारीची जीप हेच तिचे पाय.

आणि मार्चमध्ये त्या पायांनी दगा दिला होता.

खरं तर दगा इलारीनं दिला होता. दवाखान्यातून परत येताना तो फॅनचा पट्टा काढायला विसरला. उतारात शिरण्याआधी तो पट्टा काढावाच लागतो. नाहीतर पाणी पंख्याला लागलं की पंखा ते घुसळून साऱ्या इंजिनावर उडवतो, आणि वर कितीही बांधाबांध केलेली असली तरी प्लग भिजतातच. नदीच्या मध्यावर जीप बंद पडली. ग्लिगोर घोडे घेऊन येईपर्यंत सावेता बर्फाच्या पाण्यात पाय ठेवून बसली होती. ती एका शब्दानं बोलली नाही. संध्याकाळी गरम पाण्यात पाय सोडून बसल्यावर एवढंच म्हणाली, "मासे दिसले. अगदी पायाशी."

पण ग्लिगोरच्या बायकोला गप्प बसवत नाही. तिनं इटलीत तोरिनोला फोन लावला. तिकडं सावेताचा आणि इलारीचा एकुलता एक मुलगा तिबेरियू भिंतींना गिलावा करायची कामं करायचा.

ईस्टरला तिबेरियू, म्हणजे तिबी, घरी आला तो बातमी घेऊनच. लाल अंडी फोडून झाली, कोकराचं मांस पानात पडलं, आणि तो म्हणाला की त्यानं तुर्दा शहरात दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला आहे. तळमजला. खोल्या गरम राहतात, नळाला गरम पाणी येतं, दवाखाना समोरच.

"कुणासाठी?" इलारीनं विचारलं. उत्तर माहीत असतानाच माणूस असे प्रश्न विचारतो.

"तुमच्यासाठी, बाबा. आणखी कुणासाठी? आईचे गुडघे बघा. पूल तिला जमत नाही आणि गाडी नदीत बसते."

"एकदा बसली."

"दुसऱ्यांदा बसायची वाट बघायची का?"

तेव्हा इलारीच्या तोंडून ते निघून गेलं. तो मुळात कमी बोलणारा माणूस होता. बोलण्याआधी दहादा विचार करायचा आणि बोलल्यावर वीसदा. पण त्या दिवशी पालिंकाचा, घरच्या फळांच्या दारूचा, पेला हातात होता. "येत्या रविवारी मी तुझ्या आईला याच गाडीतून चर्चला नेतो आणि परत आणतो. रेचा भरलेली असली तरी. गाडी बंद पडली तर तुझं खरं. मेंढ्या ग्लिगोरला देऊ आणि घराला कुलूप लावू."

"बोललात हां," तिबी म्हणाला.

"बोललो."

सावेता चुलीपाशी मक्याचा मामलिगा ढवळत होती. तिनं मान वळवली नाही. लाकडी पळी त्याच गतीनं फिरत राहिली. त्या पाठमोऱ्या गप्पपणाचा अर्थ इलारीला लागेना, आणि पुढचे सगळे दिवस तेच त्याला सलत राहिलं. आपण पैज घराची लावली, पण घर काही एकट्याचं नव्हे. तिला भिंतीतून येणारं गरम पाणी हवं असेल तर? नदी पार झाली तर ती हरेल, असं तर नाही?

त्यानं विचारलं मात्र नाही. कामाला लागला. काम करताना विचारावं लागत नाही.

प्लगच्या टोप्यांखाली त्यानं मेण आणि चरबी एकत्र वितळवून भरली. बॅटरीची टोकं आणि दिव्यांचे जोड ग्रीसनं लिंपून घेतले. कॉइल तिच्या जागेवरून काढून वर, काचेच्या पायथ्याशी हलवली. धुराच्या नळीला मागं रबरी नळकांडं जोडून तिचं तोंड टपापर्यंत नेलं. तिबी कॉफीचा कप घेऊन शेडच्या दारात उभा राहायचा आणि बघत असायचा.

"बाबा, एवढ्या खटाटोपात एखादी पाणबुडीच घेतली असती."

"पाणबुडीत मेंढ्या चढत नाहीत."

"आणि गाडीत चढतात?"

"मेंढ्या चढतात. शहाणी माणसं बाहेर उभी राहून कॉफी पितात."

तिबीनं कप खिडकीत ठेवला. "द्या इकडं तो पाना. त्या खालच्या नटाला तुमचा हात पोचत नाही, मघापासून बघतोय."

नट घट्ट करून झाल्यावर तो पुन्हा कप घेऊन दारात जाऊन उभा राहिला. जणू काही झालंच नव्हतं.

शुक्रवार आला. ईस्टरनंतरच्या या शुक्रवारी पाण्याला आशीर्वाद देतात. पाद्री नाउम दर वर्षी झुलत्या पुलावरून येत. जाडजूड माणूस, एका हातात तांब्याचं बादलीवजा भांडं, दुसऱ्या हातात सब्ज्याच्या वाळल्या डहाळ्यांची जुडी. पुलाच्या फळ्या करकरायला लागल्या की पाद्रीबाबा आले हे वाडीला कळायचं.

"ख्रिस्त उठला!" त्यांनी अंगणातूनच हाक दिली.

"खरोखर उठला!" सावेतानं उत्तर दिलं. ईस्टरनंतर कितीतरी दिवस तिकडं 'नमस्कार'ऐवजी हेच चालतं.

विहिरीवर मंत्र झाले, मेंढ्यांच्या कुडावर पाणी शिंपडून झालं, उंबऱ्यावर झालं. मग सावेता म्हणाली, "पाद्रीबाबा, गाडीला पण. रविवारी ती मला नदी पार नेणार आहे."

"बॉनेट उघडा," पाद्री म्हणाले. आशीर्वाद आतपर्यंत पोचावा म्हणून दारं, बॉनेट, डिकी, सगळं उघडायचं असतं.

बॉनेट उघडंच होतं. करंट वाटणाऱ्या डब्यावरचं तपकिरी झाकण काढून इलारीनं मडगार्डवर उताणं ठेवलं होतं, आतले पॉइंट बारीक कागदानं घासायला. "पाद्रीबाबा, एक मिनिट, मी जरा झाकण..." असं काहीतरी तो पुटपुटला. पण पाद्री नाउम यांचा हात मोकळा होता आणि आवाज त्याहून मोकळा. त्यांनी जुडी भांड्यात बुचकळली आणि पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं तीनदा हात फिरवला. पाणी इंजिनावर पडलं, इलारीच्या टकलावर पडलं, आणि वाटीसारख्या उताण्या झाकणातही पडलं.

इलारीचा हात आपोआप मागच्या खिशातल्या फडक्याकडे गेला. फडक्याला पेट्रोलचा आणि मेंढीच्या चरबीचा वास होता. त्यानं समोर पाहिलं. सावेता हात जोडून त्याच्याकडेच बघत होती. आशीर्वादाचं पाणी फडक्यानं पुसत नाहीत. ते अंगावर पडलं तर अंगावरच वाळू द्यायचं, जमिनीवर पडलं तर त्यावर पाय द्यायचा नाही. इलारीची आई प्रसादाच्या पावाचा कण खाली पडला तर वाकून ओठांनी उचलायची. त्यानं फडकं खिशात परत कोंबलं. वाळेल आपोआप, त्यानं मनाशी म्हटलं. थेंबभर तर आहे.

पाद्रीबाबांना घरात बसवलं, गोड पाव आणि पेला पुढं केला. तेवढ्यात पाऊस आला. शेडचं छप्पर नेमकं इंजिनावरच गळायचं. इलारी धावत गेला. झाकण उचलून डब्यावर बसवलं, वायरी खोचल्या, वरून हातमोजा ओढला आणि त्याचं मनगट डब्याच्या गळ्याशी सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं आवळून बांधलं. एकदा, मग दुसऱ्यांदा. हातमोजा टम्म बसला. आता रेचा काय, समुद्र आला तरी पाण्याचा कण आत जायचा नाही. त्याला फार बरं वाटलं. आयुष्यात इतकी नीट गाठ आपण कधी बांधली नव्हती, असं त्याला वाटलं.

शनिवारी दिवसभर पाऊस होता आणि डोंगरावरचं बर्फही वितळत होतं. दुपारी इलारी आणि ग्लिगोर नदीवर पाणी जोखायला गेले. उताराशेजारी एक मोठा खडक आहे, त्याला सगळे डुकरीण म्हणतात. डुकरिणीची पाठ दिसत असेल तर पोरंसोरंही गाडी घालतात. आज पाठ बुडाली होती. कान तेवढे वर होते.

"कान दिसतायत, दादा," ग्लिगोर म्हणाला. तो इलारीहून धाकटा, पण फार नाही. "कान दिसतात तोवर जाता येतं."

"जाता येतं."

"मी घोडे घेऊन पलीकडं उभा राहतो. तसं काही नाही. चर्चला जायचंच आहे."

"घोड्यांना घेऊन?"

"त्यांनाही धर्म आहे."

इलारी घरी आला तेव्हा सावेता खिडकीशी बसून बियाण्याचे बटाटे निवडत होती. इलारी तिच्या समोर बसला. त्यानं एक बटाटा उचलला, उलटासुलटा पाहिला, ठेवला.

"त्या फ्लॅटमध्ये भिंतीतून गरम पाणी येतं म्हणे."

"येत असेल."

"तुझ्या गुडघ्यांना बरं पडेल."

"पडेलही."

"नाही, म्हणजे तुला काय..."

"इलारी, तू जा आणि गाडीचं बघ," ती म्हणाली. तो उठला. गाडीचं बघायला आता काही उरलं नव्हतं. इंजिन चालू करून पाहावं असं एकदा मनात आलं, पण इतकी छान बसलेली बांधणी रविवारआधी कशाला हलवायची, म्हणून त्यानं किल्ली खिशातच ठेवली.

रविवारी सकाळी पाऊस थांबला. सावेतानं काळा झगा घातला, डोक्याला आतून पांढरा सुती रुमाल बांधला आणि त्यावर लोकरीची काळी ओढणी घेतली. तिबी मागच्या सीटवर बसला. "साक्षीदार," तो म्हणाला. जीप पहिल्याच झटक्याला सुरू झाली. इलारीनं सावेताकडे पाहिलं नाही, पण स्टीअरिंगवर त्याचे अंगठे हलले.

काठावर तो उतरला. फॅनचा पट्टा काढून सीटखाली ठेवला, आणि तिबीला दिसेल असा ठेवला. पुढच्या जाळीवर ताडपत्री बांधली. पट्टा नाही म्हणजे इंजिन थंड राहत नाही आणि बॅटरीही भरत नाही, तेव्हा मध्येच रेंगाळायचं नाही. घाईही करायची नाही. माणूस चालतो त्या गतीनं गेलं की गाडीपुढं पाण्याची लाट उभी राहते आणि तिच्यामागं इंजिनापाशी खळगा पडतो. तो खळगा सांभाळत जायचं.

पाणी चाकं ओलांडून दारांना लागलं. मातकट पाणी, दुधाळ कॉफीच्या रंगाचं. लाट छान उभी राहिली होती. पलीकडं ग्लिगोर रविवारच्या टोपीत, दोन घोडे आणि दोर घेऊन उभा. डुकरिणीचे कान डावीकडून मागं सरकायला लागले. अर्धं झालं. इलारीनं श्वास सोडला.

आणि इंजिन शिंकलं.

एकदा शिंकलं, सावरलं. मग दोनदा. मग कुणीतरी हळूच दार लावून घ्यावं तसं बंद झालं. लाट पुढं निघून गेली. खळगा भरला. राहिला फक्त नदीचा आवाज आणि चाकांखालची वाळू सरकल्याची करकर.

इलारीनं किल्ली फिरवली. स्टार्टर फिरला, इंजिन नाही. पुन्हा फिरवली. नाही. पाणी दाराच्या फटीतून आत येऊन पायाशी जमलं.

"ह्या वेळी मासे नाहीत," सावेता खाली बघत म्हणाली. "गढूळ आहे."

तिबी मागं गप्प बसला होता. त्यानं काहीतरी म्हणावं असं इलारीला वाटत होतं. "चला बाबा, झालं," एवढंच म्हटलं असतं तरी चाललं असतं. मुलगा काहीच बोलत नाही हे त्याहून वाईट होतं. ग्लिगोरनं काठावरून हात वर केला, दोर दाखवला. इलारीनंही हात वर केला, थांब म्हणून. का थांब म्हटलं ते त्यालाही कळलं नाही.

"मी बघतो," तो म्हणाला आणि खिडकीची काच खाली करायला लागला. काच अर्ध्यावर अडली.

"तुम्ही कुठं निघालात?" तिबी म्हणाला. तोवर त्यानं बूट काढले होते. "वय काय, पाणी काय. बसा. कुठल्या बाजूनं उतरू?"

"वरच्या अंगानं. तिकडून प्रवाह येतो, तो तुला गाडीला टेकवून धरेल. खालच्या अंगानं उतरलास तर ग्लिगोरला घोडे घेऊन गावापर्यंत जावं लागेल."

तिबी मागच्या खिडकीतून सरकत बाहेर पडला. पाणी मांड्यांना लागलं तशी त्याच्या तोंडून इटालियनमध्ये एक शिवी गेली. सावेतानं रविवार म्हणून छातीवर क्रूस केला. अंगानं गाडीला घासत तो पुढं गेला. ताडपत्रीची वरची कड सोडवली, बॉनेट उचलून टेकू दिला.

"बाबा, सगळं कोरडं आहे इथं!"

"प्लग?"

"कोरडे. हातमोजापण कोरडा. टम्म."

"मग गाठ सोड. झाकण काढ."

मग बॉनेटच्या फटीतून तिबीचा चेहरा दिसला, चक्रावलेला. त्यानं झाकण उताणं धरून काचेसमोर आणलं. पातेल्यात भात शिजताना झाकणाला आतून घाम यावा तसे थेंब सगळीकडून डवरले होते.

"आतून घाम आलाय. पण फाटलं तर कुठंच नाही. नदी आत गेली कुठून?"

"नदी नाहीये ती," इलारी हळूच म्हणाला. "नदी गढूळ आहे. हे पाणी बघ."

थेंब काचेसारखे स्वच्छ होते. तिबीनं झाकण डोळ्यांशी नेलं, नखानं काहीतरी उचललं. बोटाच्या टोकावर वाळल्या पानाचा एक बारीकसा तुकडा होता. त्यानं तो नाकाशी नेला.

"आई," तो म्हणाला, "ह्याला चर्चचा वास येतोय."

मग सावेतानं नवऱ्याकडे पाहिलं.

"तू पुसलं नाहीस?"

"तू बघत होतीस."

"मी बघत होते की तू कधी पुसतोस!"

"ते आशीर्वादाचं पाणी. आणि हातात काय तर मेंढ्यांचं फडकं."

"आणि मग वरून गाठ मारलीस."

"दोन," इलारी म्हणाला. त्याला आता सगळं स्वच्छ दिसत होतं. जो हातमोजा पाणी बाहेर ठेवतो तोच ते आतही कोंडतो. थेंबभर पाणी दोन दिवस कोंडून बसलं, इंजिन तापल्यावर त्याची वाफ झाली, आणि बाहेर पडायला वाट नाही म्हणून ती झाकणालाच धरून राहिली. करंट प्लगकडे जायचा सोडून थेंबाथेंबांवरून पळाला. साऱ्या नदीविरुद्ध त्यानं बंदोबस्त केला होता, आणि घात केला घरातल्याच पाण्यानं. "गाढव आहे मी," तो म्हणाला.

"ते नंतर ठरवू," तिबी बाहेरून ओरडला. त्याचे दात वाजत होते. "पुसायला काही द्या! कोरडं!"

इलारीनं फडकं शोधलं. ते पायाशी पडून नदीनं भिजलं होतं. त्यानं कोटाच्या बाह्या चाचपल्या, त्याही ओल्या. तिबी तर मांड्यांपर्यंत पाण्यात होता आणि वरती नदीच्या शिंतोड्यांनी भिजला होता.

सावेतानं काळी ओढणी मांडीवर काढून ठेवली. मग हनुवटीखालची गाठ सोडली आणि आतला पांढरा सुती रुमाल डोक्यावरून ओढून घेतला. तिचे पांढरे केस उजेडात आले. चारचौघांत तिचं डोकं उघडं इलारीनं लग्नाच्या दिवसानंतर पाहिलं नव्हतं. पलीकडच्या काठावर ग्लिगोरनं एकदम तोंड फिरवलं आणि घोड्याच्या आयाळीत काहीतरी शोधायला लागला.

"ह्यानं पूस," तिनं रुमाल खिडकीतून पुढं केला. "डोक्यावरच्या रुमालानं पुसलं तर चालतं."

"कुणी सांगितलं?" इलारीनं विचारलं.

"मी सांगते. तिबी, नीट पूस. कानाकोपऱ्यात. मला बटाटे लावायचेत वरच्या वाफ्यात. आणि शरदात काढायचेत, मी स्वतः."

इलारीनं स्टीअरिंग घट्ट धरलं. इतके दिवस जे विचारायचं धाडस त्याला झालं नव्हतं त्याचं उत्तर मिळालं होतं, आणि ते नदीच्या मधोमध. तो नुसता "हो" म्हणाला. कुणाला, तेही स्पष्ट नव्हतं.

तिबी आईच्या चेहऱ्याकडे क्षणभर बघत राहिला. मग खाली मान घालून झाकण पुसायला लागला. पेला पुसावा तसं, आतून, पाचही भोकांतून रुमालाचं टोक पिळून घालत.

"हातमोजा परत घालू?"

"घाल. पण गाठ मारू नकोस. खालून मोकळा सोड. श्वास घेऊ दे त्याला."

बॉनेट लागलं. तिबी खिडकीतून आत पडला तो अर्धी नदी घेऊनच. इलारीनं किल्ली फिरवली. स्टार्टर कण्हला. काही नाही. पुन्हा. एक खोकला. तिसऱ्यांदा इंजिनानं घसा साफ केला, धूर टपावरून भस्सकन गेला आणि ते बोलायला लागलं. आधी अडखळत, मग नीट.

"ख्रिस्त उठला!" काठावरून ग्लिगोर टोपी फिरवत ओरडला.

"खरोखर उठला!" सावेतानं आतून उत्तर दिलं आणि मग क्रूस केला, कारण गाडीबद्दल असं म्हणणं बरं नव्हे.

काठावर ग्लिगोरनं तिबीला पालिंका पाजली आणि घोड्याची झूल पांघरायला दिली. इलारी चाकाजवळ उभा होता. त्याला जे बोलायचं होतं ते बोलायलाच हवं होतं, मुलगा विसरला असता तरी. "तिबी, गाडी बंद पडली. मी म्हटलं होतं बंद पडली तर तुझं खरं. बोललो ते बोललो."

तिबी पँट पिळत होता. पिळत राहिला. "प्रार्थना सुरू होईल, बाबा," एवढंच म्हणाला.

सावेतानं तो ओला रुमाल परत डोक्याला बांधला. त्यावर ग्रीसचा एक काळा डाग पडला होता. पुलावरून आलेली ग्लिगोरची बायको आपला कोरडा रुमाल द्यायला धावली, पण सावेता म्हणाली, "राहू दे. ह्याला आजच्यापुरता जास्त आशीर्वाद लागलाय." आणि काठी टेकत, डागासकट चर्चमध्ये गेली.

प्रार्थना संपल्यावर तिबी कुठंच दिसेना. इलारी आवाराबाहेर आला तर जीपचं बॉनेट वर होतं आणि खाली मुलाची पाठ दिसत होती. ग्लिगोरनं घोड्यांबरोबर आणलेली आपली जादाची ढगळ पँट घालून तो उभा होता. लायटरवर सुई तापवून त्यानं हातमोज्याच्या तळव्याशी, अगदी खालच्या बाजूला, एक बारीक भोक पाडलं होतं. आता दुसरं पाडत होता.

"पाणी उतरायला एक," तो मागं न बघता म्हणाला, "आणि वाफेला एक. वरून तो हातमोजाच राहील, आत पाणी येणार नाही. बरोबर ना?"

इलारी जवळ गेला. वाकून बघितलं. "बरोबर," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "मला वाटतं बरोबर."

"आणि नदीवर पट्टा मी काढणार. तुम्ही विसरता." त्यानं पाना स्वतःच्या खिशात टाकला.

"आणि ते... तुझं खरं?"

"जानेवारीत बर्फ पडलं की या फ्लॅटवर. महिनाभर."

"मेंढ्या?"

"तळमजला आहे. त्यांना जिना चढावा लागणार नाही."

सावेता मागून आली होती. "जानेवारीचं जानेवारीत बघू," ती म्हणाली. तिच्यामागं पाद्री नाउम होते, हातात तांब्याचं भांडं आणि जुडी. उघडं बॉनेट दिसताच त्यांचा चेहरा खुलला.

"परतीच्या वाटेसाठी थोडं..."

"नको, पाद्रीबाबा!" तिघंही एकदम ओरडले.

पाद्री दचकले. झालेली हकिकत त्यांना तिबीनं सांगितली, वाळल्या पानासकट. त्यांनी ती गंभीरपणे ऐकली, भांड्यात पाहिलं, आणि म्हणाले, "मग बॉनेट लावा. मी चाकांवर टाकतो. चाकांना चालेल ना?"

चाकांना चाललं.

नदीवर तिबीनं पट्टा काढला, ताडपत्री बांधली आणि येऊन मागं बसला. डुकरिणीचे कान सकाळपेक्षा थोडे जास्त वर दिसत होते. इलारीनं लाट उभी केली आणि तिच्यामागून माणसाच्या चालीनं निघाला. मध्यावर पोचल्यावर त्यानं कान टवकारले. इंजिन बोलत होतं. काठ लागेपर्यंत ते बोलतच राहिलं.

वाडीची चढण लागली तेव्हा सावेता मागं वळली. "तिबी, तोरिनोमध्ये हातमोजे सुटे मिळतात का?"

"सुटे कसे?"

"नुसते डावे."

"सुटे नाही मिळत, आई. पण आमच्या कामावर एक डावखुरा आहे. त्याचे सगळे उजवे उरतात की डावे, ते विचारावं लागेल." त्यानं जरा विचार केला. "विचारतो. पाठवत जाईन."

"पाठवत जा," सावेता म्हणाली आणि डोक्यावरचा रुमाल नीट केला. तो आता वाळला होता.